हंसातला बदनाम तारा

२ सप्टेंबर १९७२ रोजी कॅनडातल्या अल्गोन्क्विन वेधशाळेत फिलिप ग्रेगरी यांनी ४६ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण हंस तारकासमूहातल्या एका मंद स्रोताकडे वळवली. तो स्रोत मंद राहिला नव्हता. नेहमीच्या मानाने त्याचं रेडिओ तेज हजार पटींच्या घरात गेलं होतं. फोन फिरले, आणि पुढच्या काही दिवसांत उत्तर गोलार्धातल्या ज्या ज्या वेधशाळेला शक्य होतं तिने आपलं ठरलेलं काम बाजूला ठेवून तिकडे तोंड वळवलं. २३ ऑक्टोबरला ‘नेचर फिजिकल सायन्स’चा जो अंक निघाला त्यात या एका स्रोतावरचे २१ निबंध होते.

स्रोताचं नाव सिग्नस एक्स-३. सिग्नस म्हणजे हंस, एक्स म्हणजे क्ष-किरण, आणि तीन हा त्या तारकासमूहात सापडलेल्या क्ष-किरण स्रोतांचा अनुक्रम. १९६६ मध्ये रिकार्डो जियाकोनी यांच्या गटाने अग्निबाणातून काही मिनिटांपुरतं वर पाठवलेल्या उपकरणाने तो टिपला होता. नजरेच्या प्रकाशात तिथे काहीच दिसत नाही. तो आपल्यापासून सुमारे ३० हजार प्रकाशवर्षांवर आहे आणि मधे आकाशगंगेच्या प्रतलातली धूळ आहे. पण त्याचे क्ष-किरण दर ४.८ तासांनी कमी-जास्त होतात, हे १९७२ पर्यंत कळलं होतं. दोन वस्तू एकमेकींभोवती पाच तासांच्या आत फेरी मारत असतील तर त्यांच्यातलं अंतर सूर्याच्या व्यासाच्या फार तर काही पट असणार. जोडीतला एक तारा फार मोठा, फार तापलेला आणि प्रचंड वेगाने आपलं वस्तुमान उधळणारा वोल्फ-रायेत जातीचा आहे, हे १९९२ मध्ये अवरक्त वर्णपटावरून समजलं. दुसरी वस्तू बहुधा कृष्णविवर. ‘बहुधा’ हा शब्द अजून पुसता आलेला नाही.

या ४.८ तासांच्या तालाने पुढे भल्याभल्यांना नादी लावलं.

त्याचं कारण समजायला थोडं मागे जावं लागतं. १९१२ मध्ये व्हिक्टर हेस बलूनमधून वर गेले आणि अवकाशातून भेदक प्रारण येतं हे त्यांनी दाखवलं. पुढे त्याला कॉस्मिक रे, विश्वकिरण, हे नाव पडलं. हे किरण नसून बहुतांशी प्रोटॉन आणि अणुकेंद्रकं आहेत, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांची ऊर्जा अशी की जिनिव्हाजवळच्या महाकाय यंत्रात प्रोटॉनला जेवढी ऊर्जा देता येते ती त्यांच्यापुढे किरकोळ ठरते. ते यंत्र प्रोटॉनला सुमारे ७ टीईव्हीपर्यंत, म्हणजे सात लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत नेतं. विश्वकिरण त्याच्या शेकडो पट वर, पीईव्हीच्या पट्ट्यात सर्रास येतात. एक पीईव्ही म्हणजे हजार टीईव्ही. १९५८ मध्ये मॉस्कोच्या कुलिकोव्ह आणि ख्रिस्तियान्सेन यांना असं दिसलं की सुमारे ३ पीईव्हीच्या पुढे या कणांची संख्या एकदम जास्त वेगाने घटते. आलेखाला तिथे बाक येतो, आणि संशोधक त्याला सरळ ‘गुडघा’च म्हणतात. त्यावरून कयास असा की आपल्या आकाशगंगेतली कण-प्रवेगकं प्रोटॉनला निदान तिथवर पोचवतात. ती प्रवेगकं कुठे आहेत, हे मात्र कणांवरून कळत नाही, कारण विद्युतभारित कण आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रात इतके वळसे घेत येतात की येण्याची दिशा निरर्थक होते. गॅमा किरण सरळ येतात. प्रोटॉन जिथे वेगवान झाला तिथेच वायूला किंवा प्रकाशाला धडकला, तर पायॉन तयार होतात, आणि उदासीन पायॉन फुटून गॅमा फोटॉन निघतात. प्रत्येकाकडे मूळ प्रोटॉनच्या साधारण दहाव्या हिश्शाची ऊर्जा. म्हणून पीईव्हीचा एक गॅमा फोटॉन एखाद्या ठिकाणाहून आला, तर तिथे दहा पीईव्हीचा प्रोटॉन आहे असं मानायला जागा होते.

१९८३ मध्ये जर्मनीतल्या कील विद्यापीठाच्या मानफ्रेड सामोर्स्की आणि विल्हेल्म श्टाम यांनी नेमका हाच दावा केला. त्यांच्याकडे १९७६ ते १९८० या काळातल्या नोंदी होत्या. पीईव्हीचा कण वातावरणात शिरला की त्यातून लाखो दुय्यम कणांचा फवारा, म्हणजे वर्षाव, जमिनीवर उतरतो, आणि जमिनीवर पसरलेल्या संसूचकांत त्या कणांच्या येण्याच्या वेळा किंचित मागेपुढे असतात. त्यावरून मूळ कणाची दिशा काढता येते. सिग्नस एक्स-३ च्या दिशेने त्यांना ३१ वर्षाव मिळाले. शेजारच्या आकाशावरून अपेक्षा होती १४.४ ची. संख्याशास्त्राच्या भाषेत हा ४.४ सिग्माचा फरक. निव्वळ योगायोगाने असं घडायची शक्यता लाखात एकाच्या आसपास. शिवाय ते वर्षाव ४.८ तासांच्या फेरीच्या एका ठरावीक टप्प्यावर गर्दी करत होते.

त्याच वर्षी इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाच्या हॅव्हरा पार्क संसूचकांच्या जाळ्यातूनही दुजोऱ्याचा निबंध आला. क्रिमियातल्या वेधशाळेने तर १९७२ च्या भडक्यानंतर लगेचच टीईव्ही ऊर्जेचे गॅमा किरण पाहिल्याचं सांगितलं होतं. एकाएकी सगळं जुळून येत होतं. लीड्सचेच मायकेल हिलास यांनी १९८४ मध्ये हिशेब मांडला. त्या जोडीतून प्रोटॉनचा झोत निघतो आणि सोबतच्या ताऱ्याच्या वायूवर आपटतो असं धरलं, तर असा एखाददुसरा स्रोत आकाशगंगेतल्या अतिउच्च ऊर्जेच्या विश्वकिरणांची गरज भागवायला पुरे. पाऊणशे वर्षांचं कोडं एका ताऱ्यात सुटत होतं.

कीलच्या निबंधात एक खटकणारी गोष्ट होती, आणि ती लेखकांनी लपवली नव्हती. गॅमा फोटॉनने सुरू झालेल्या वर्षावात म्युऑन नावाचे दुय्यम कण फार कमी असायला हवेत, प्रोटॉनच्या वर्षावाच्या मानाने साधारण दहावा हिस्सा. कीलच्या त्या ३१ वर्षावांत म्युऑन जवळपास नेहमीइतकेच होते. इथे थांबून दोन शक्यता धरायच्या होत्या. एक, हे वर्षाव गॅमा किरणांचे नाहीतच, साधे पार्श्वभूमीचे आहेत. दोन, सिग्नस एक्स-३ कडून असं काही येतं जे अजून कुणाला माहीत नाही. पहिली शक्यता नीरस होती. सैद्धांतिक पदार्थविज्ञानातल्या अनेक हुशार माणसांनी दुसरी उचलली.

१९८५ मध्ये मिनेसोटातल्या सूदान लोहखाणीत आणि फ्रान्स-इटलीमधल्या माँ ब्लाँ बोगद्यात, जमिनीखाली खोलवर बसवलेल्या संसूचकांनी सिग्नस एक्स-३ च्या दिशेने आणि त्याच ४.८ तासांच्या तालात म्युऑन येत असल्याचं जाहीर केलं. हे संसूचक मुळात प्रोटॉनचा ऱ्हास होतो का हे पाहायला बांधलेले होते. त्याच जातीचा एक प्रयोग टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि जपानी सहकाऱ्यांनी कोलारच्या सोन्याच्या खाणीत चालवला होता. खडकाखाली पोचणारे एवढे म्युऑन गॅमा किरण पाडू शकत नाहीत. न्यूट्रॉन असावेत म्हणावं, तर ते वाटेतच फुटतील. मग सगळ्यांना चुकवून सरळ रेषेत येणारा, उदासीन, टिकाऊ असा नवा कणच कल्पावा लागला. त्याचं बारसंही झालं: सिग्नेट, हंसाचं पिल्लू. क्वार्कच्या विचित्र द्रव्यापर्यंत तर्क गेले. इतर खाणींतल्या संसूचकांना मात्र काही दिसेना.

शिकागोचे जेम्स क्रोनिन यांना १९८० मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं होतं, तेही कणांच्या जगातल्या एका सूक्ष्म असमतोलाबद्दल. प्रयोगशाळेतल्या कणांवर आयुष्य काढलेल्या या माणसाला कीलच्या निष्कर्षाने विश्वकिरणांकडे ओढलं. त्यांनी वाद घालण्याऐवजी असं यंत्र बांधायचं ठरवलं की हो किंवा नाही, कायमचं उत्तर मिळावं. युटा राज्यातल्या डगवे या लष्करी चाचणी क्षेत्राच्या वाळवंटात १५ मीटर अंतराने ३३ गुणिले ३३, म्हणजे १०८९ पेट्या मांडल्या गेल्या. त्यांच्याखाली जमिनीत मिशिगन विद्यापीठाने १०२४ म्युऑन संसूचक पुरले. पुरायचं कारण उघड आहे. मातीचा थर इतर कण गिळतो, म्युऑन मात्र पार होतात. वर मोठा वर्षाव आणि खाली शांतता असेल तर तो गॅमा किरण. कीलच्या निबंधातली जी खटकणारी बाजू लोकांनी नव्या कणांच्या नावाखाली झाकली होती, तिलाच क्रोनिन यांनी यंत्राचा कणा बनवलं. या जाळ्याचं नाव कासा-मिया.

पाच वर्षांच्या नोंदींनंतर उत्तर आलं: काहीही नाही. सिग्नस एक्स-३ कडून जादा वर्षाव नाहीत, म्युऑनविरहित वर्षाव नाहीत, ४.८ तासांचा ताल नाही. कीलने सांगितलेल्या प्रमाणाच्या मानाने मर्यादा कितीतरी पट खाली उतरली. लॉस अलामोसजवळच्या, याच स्रोतावरून नाव घेतलेल्या सिग्नस प्रयोगालाही तिथे काही सापडलं नाही.

हे सगळं कसं घडलं? कुणी खोटं बोललं असं मला वाटत नाही. मोजक्या नोंदी होत्या. कुठला कालखंड घ्यायचा, फेरीचा कुठला टप्पा पाहायचा, आकाशाचा केवढा तुकडा मोजायचा, हे ठरवायला प्रत्येक गटाला मोकळीक होती. एका गटाला चढ एका टप्प्यावर दिसला, दुसऱ्याला दुसऱ्या, आणि मग म्हटलं गेलं की स्रोत बदलता आहे. ‘बदलता आहे’ हे स्पष्टीकरण सगळ्यालाच लागू पडतं. ज्यांना काही दिसलं नाही त्यांच्या वेळी तो झोपला होता, ज्यांना दिसलं त्यांच्या वेळी जागा. १९८९ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या व्हिपल दुर्बिणीवर ट्रेव्हर वीक्स यांच्या गटाने क्रॅब तेजोमेघातून टीईव्ही गॅमा किरण नऊ सिग्मांनी दाखवले. त्यासाठी वर्षावाच्या प्रतिमेचा आकार पाहून गॅमा आणि प्रोटॉन वेगळे काढायची जी रीत वापरली ती हिलास यांचीच. मग चार-पाच सिग्मांच्या हकिकतींना कुणी विचारेना. गॅमा-खगोलशास्त्रात सिग्नस एक्स-३ हे नाव तरुणांना ताकीद देताना घेतलं जाऊ लागलं.

क्रोनिन मात्र त्या क्षेत्रातून बाहेर पडले नाहीत. हॅव्हरा पार्कच्या त्या दुजोरा देणाऱ्या निबंधाच्या लेखकांपैकी अ‍ॅलन वॉटसन यांच्यासोबत त्यांनी अर्जेंटिनातल्या पिएर ओझे वेधशाळेची कल्पना मांडली. तीन हजार चौरस किलोमीटरवर पसरलेलं ते जाळं आज जगातल्या सर्वांत ऊर्जावान कणांची मोजदाद करतं. चुकीच्या निष्कर्षाच्या मागे लागून इतकं भक्कम काही उभं राहिल्याची दुसरी उदाहरणं मला फार आठवत नाहीत.

दुसरीकडे, याच काळात, एक वेगळी गोष्ट शांतपणे पुढे सरकत होती. १९७७ मध्ये स्टीफनसन आणि सँडुलीक यांनी हायड्रोजनच्या ठळक रेषा असलेल्या ताऱ्यांची यादी छापली. त्यातला ४३३ वा तारा, म्हणजे एसएस ४३३, गरुड तारकासमूहात, सुमारे १८ हजार प्रकाशवर्षांवर आहे. ब्रूस मार्गन यांनी १९७८-७९ मध्ये त्याचे वर्णपट घेतले तेव्हा त्यात रेषांच्या जोड्या दिसल्या, एक लालकडे आणि एक निळ्याकडे सरकणारी, आणि दोन्ही दिवसागणिक जागा बदलत होत्या. एकच वस्तू एकाच वेळी जवळ येत आणि दूर जात होती. फेबियन आणि रीस, तसंच स्वतंत्रपणे इस्रायलचे मिलग्रोम, यांनी उलगडा केला: मध्यभागातून विरुद्ध दिशांना दोन झोत निघतात, प्रकाशाच्या २६ टक्के वेगाने, आणि त्यांचा अक्ष १६२ दिवसांत एक घेर घेतो. पुढे त्या झोतांत लोखंडाच्या रेषाही सापडल्या. हा मुद्दा बाजूला ठेवू नये. इतर बहुतेक झोतांत नेमकं काय वाहतं, इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन की अख्खे अणू, हे ठाऊक नसतं. इथे अणुकेंद्रकं आहेत याचा थेट पुरावा होता. त्या झोतांची ताकद सूर्याच्या एकूण तेजाच्या लाखो पट, आणि त्यांनी भोवतीच्या डब्ल्यू ५० या तेजोमेघाला दोन्ही बाजूंनी फुगे आणले आहेत.

मायक्रोक्वासार हे नाव आलं १९९२ मध्ये. फेलिक्स मिराबेल आणि लुईस रॉड्रिग्ज यांच्या गटाला आकाशगंगेच्या केंद्राजवळच्या एका क्ष-किरण स्रोताच्या दोन्ही बाजूंना रेडिओ झोत दिसले. दूरच्या दीर्घिकांच्या पोटातल्या क्वासारांचं, कोट्यवधी सूर्यांएवढ्या कृष्णविवरांचं, हे घरगुती आकारातलं रूप होतं. १९९४ मध्ये याच दोघांनी जीआरएस १९१५+१०५ मधून निघालेले गोळे पाहिले. ते आकाशात प्रकाशाच्या सव्वापट वेगाने सरकताना दिसत होते. हा दृष्टिभ्रम आहे, प्रकाशाच्या जवळपास वेगाने जाणारा झोत काहीसा आपल्याकडे झुकलेला असला की होतो. खरा वेग प्रकाशाच्या ९२ टक्के. आपल्या आकाशगंगेत असा भ्रम प्रथमच नोंदला गेला.

या स्रोताच्या इतिहासात मुंबईचा हिस्सा आहे. २१ मार्च १९९६ रोजी पीएसएलव्हीच्या तिसऱ्या विकास-उड्डाणातून गेलेल्या आयआरएस-पी३ उपग्रहावर टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि इस्रो यांनी मिळून क्ष-किरण मोजणारी उपकरणं बसवली होती. प्रल्हादचंद्र अग्रवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जीआरएस १९१५+१०५ मध्ये सावकाश चढणारे आणि झटकन विझणारे उद्रेक मिळाले. द्रव्य कृष्णविवराच्या क्षितिजापलीकडे नाहीसं होतं म्हणून तेज असं झपकन पडतं, असं त्यांनी सुचवलं. कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या द्रव्याच्या तबकडीचा आतला भाग रिकामा होऊन पुन्हा भरतो, हे दुसरं स्पष्टीकरणही होतंच. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीने पुढे याच स्रोताचे रेडिओ भडके टिपले. ही मंडळी कुणी विश्वकिरणांच्या मागे नव्हती. पण झोत कधी सुटतो आणि तबकडी तेव्हा काय करत असते, हे ज्यांना ठरवायचं होतं त्यांना याच नोंदी लागल्या.

झोत आहेत म्हटल्यावर प्रारूप मांडणारे कामाला लागले. कण वेगवान करण्याची युक्ती जुनी होती. एन्रिको फर्मी यांनी १९४९ मध्ये हलत्या चुंबकीय ढगांवर आपटून कण ऊर्जा कमावतात असं मांडलं. १९७७-७८ मध्ये क्रिम्स्की, बेल, ब्लँडफर्ड आणि ऑस्ट्रायकर यांच्यासह अनेकांनी ती कल्पना आघाताच्या लाटेवर बसवली. कण लाटेच्या या बाजूकडून त्या बाजूला शेकडो वेळा ये-जा करतो आणि प्रत्येक फेरीत थोडी ऊर्जा खिशात टाकतो. किती वेळ? जोवर तिथलं चुंबकीय क्षेत्र त्याला धरून ठेवतं तोवर. हिलास यांनी १९८४ मध्ये याचा साधा निकष दिला: क्षेत्राची ताकद, जागेचा आकार आणि लाटेचा वेग यांचा गुणाकार जेवढा, तेवढीच ऊर्जेची कमाल. हा निकष आजही प्रत्येक व्याख्यानात येतो. सिग्नस एक्स-३ बद्दलचा त्यांचा निष्कर्ष ज्या नोंदींवर उभा होता त्या ढासळल्या, पण निकष त्याच वर्षीचा.

खरा झगडा वेगळ्याच प्रश्नावर होता: गॅमा किरण इलेक्ट्रॉनचे की प्रोटॉनचे? वेगवान इलेक्ट्रॉन, कॅरमचा स्ट्रायकर सोंगटीला मारतो तसा, ताऱ्याच्या साध्या प्रकाशकणाला धक्का देऊन गॅमा बनवू शकतो. त्यासाठी प्रोटॉनची गरजच नाही. मग विश्वकिरणांचा उगम सापडला असं म्हणता येत नाही. आटोयान आणि अहारोन्यान यांनी १९९९ मध्ये जीआरएस १९१५+१०५ च्या भडक्यांचं इलेक्ट्रॉनवर आधारलेलं सविस्तर प्रारूप दिलं. २००१ मध्ये लेव्हिन्सन आणि वॅक्समन यांनी उलट बाजू मांडली. झोताच्या अगदी मुळाशी प्रकाश इतका दाट असतो की तिथला प्रोटॉन वायूला नव्हे तर प्रकाशालाच धडकून पायॉन पाडेल. २००३ मध्ये अर्जेंटिनाचे गुस्ताव्हो रोमेरो आणि सहकाऱ्यांनी ज्यांच्या सोबत्याचा तारकावारा जोरदार आहे अशा मायक्रोक्वासारांचा हिशेब केला: झोतातले प्रोटॉन त्या वाऱ्याच्या वायूवर आपटतात. इलेक्ट्रॉनच्या बाजूला एक अडचण कायम होती. तो ऊर्जा फार लवकर गमावतो, आणि शंभर टीईव्हीच्या वर प्रकाशकणांना धक्का देण्याची त्याची क्षमताही घसरते. जितकं वर जाल तितका प्रोटॉनचा पक्ष भक्कम. पण वर पाहायला तेवढी मोठी यंत्रं कुठे होती?

मधली काही वर्षं फसवी गेली. २००५ नंतर नामिबियातल्या हेस आणि कॅनरी बेटांवरच्या मॅजिक दुर्बिणींनी काही जोडताऱ्यांतून टीईव्ही किरण पकडले, आणि त्यांना घाईने मायक्रोक्वासार म्हटलं गेलं. त्यांतल्या एकात कृष्णविवर नसून पल्सार आहे हे चीनच्या फास्ट दुर्बिणीने २०२२ मध्ये दाखवलं. २००९ मध्ये मात्र फर्मी आणि आजिले या उपग्रहांनी सिग्नस एक्स-३ मधून जीईव्ही ऊर्जेचे, म्हणजे पीईव्हीच्या दशलक्षांशाच्या घरातले, गॅमा किरण निःसंशय पाहिले. फर्मीच्या नोंदींत ४.८ तासांचा तालही होता. या नावाला पुन्हा अब्रू मिळू लागली ती तिथून.

२०१८ मध्ये मेक्सिकोतल्या सिएरा नेग्रा डोंगराच्या उतारावरच्या हॉक वेधशाळेने एसएस ४३३ च्या दोन्ही झोतांच्या टोकांशी २५ टीईव्हीच्या पुढचे फोटॉन दाखवले. ते मध्यापासून शंभराहून अधिक प्रकाशवर्षं दूर होते. कृष्णविवराच्या काठावर नव्हे, इतक्या लांब. जानेवारी २०२४ मध्ये हेसच्या गटाने आणखी बारीक नकाशा दिला. सर्वाधिक ऊर्जेचे किरण, मधे दिसेनासा झालेला झोत पुन्हा दिसू लागतो त्या जागी, मध्यापासून सुमारे ७५ प्रकाशवर्षांवर एकवटलेले होते, आणि कमी ऊर्जेचे पुढे पसरलेले. म्हणजे तिथे आघाताची लाट उभी आहे, कण तिथे वेगवान होतात आणि पुढे वाहताना ऊर्जा गमावत जातात. इथवरचा पुरावा इलेक्ट्रॉनच्या बाजूचा. त्याच वर्षी हॉकने धनु राशीतल्या व्ही ४६४१ या मायक्रोक्वासारमधून २०० टीईव्हीच्या वरचे किरण जाहीर केले.

आणि मग सिच्वान प्रांतात दाओचंगजवळ ४,४१० मीटर उंचीवर बांधलेल्या लासो वेधशाळेच्या नोंदी आल्या. सव्वा चौरस किलोमीटरहून मोठं क्षेत्र, वर पाच हजारांहून अधिक संसूचक, आणि मातीखाली पुरलेले ११८८ म्युऑन संसूचक. डगवेची कल्पना, कितीतरी मोठ्या पटावर आणि हवेचा सुमारे ४० टक्के थर खाली सोडून. २०२४ च्या शेवटी लासोने पाच मायक्रोक्वासारांची यादी दिली: एसएस ४३३, व्ही ४६४१, जीआरएस १९१५+१०५, मॅक्सी जे१८२०+०७० आणि सिग्नस एक्स-१. एसएस ४३३ मध्ये १०० टीईव्हीच्या वर गेल्यावर चित्रच पालटतं. टोकांचे दोन ठिपके मागे पडतात आणि मध्यभागी एक मोठा पट्टा उजळतो, तोही अणुरूप हायड्रोजनच्या एका महाकाय ढगावर बसणारा. प्रोटॉन सुटून ढगात शिरले आणि तिथे धडकले, असं मानलं की चित्र जुळतं. लोखंडाच्या रेषा ज्या झोतात दिसल्या होत्या, त्याच झोताच्या दारात. व्ही ४६४१ चे किरण ८०० टीईव्हीपर्यंत पोचत होते. ‘गुडघ्या’च्या पलीकडे प्रोटॉन नेणारी यंत्रं आकाशगंगेत आहेत, असं म्हणायला आता आधार होता.

सिग्नस एक्स-३ त्या यादीत नव्हता. तो आला डिसेंबर २०२५ मध्ये, स्वतंत्र निबंधात. सुमारे दहा सिग्मांचा संकेत, ०.०६ पासून ३.७ पीईव्हीपर्यंत पसरलेला. एक पीईव्हीच्या वरचे मोजके फोटॉन, आणि महिन्यामहिन्यांच्या अंतराने कमी-जास्त होणारं तेज. एवढ्या ऊर्जेचे फोटॉन महास्फोटाच्या उरलेल्या सूक्ष्मलहरींना धडकून वाटेतच विरतात. ती घट जमेस धरली तर मूळ तेज एक पीईव्हीकडे उतरत नाही, उलट चढतं. शंभर प्रकाशवर्षांचा फुगा महिन्यात बदलू शकत नाही. म्हणून हे किरण जोडीच्या आत किंवा अगदी लगत तयार होत असले पाहिजेत. लेखकांचं स्पष्टीकरण लेव्हिन्सन-वॅक्समन यांच्या वाटेने जातं: झोताच्या मुळाशी दहादहा पीईव्हीच्या पटीतले प्रोटॉन दाट प्रकाशाला धडकतात. तिथे प्रकाश किती दाट असावा याचा अंदाज २०२४ मध्ये आयएक्सपीई उपग्रहाने दिला होता. त्याने मोजलेल्या क्ष-किरणांच्या ध्रुवीकरणावरून असं दिसतं की सिग्नस एक्स-३ चा गाभा एका अरुंद नरसाळ्यात दडलेला आहे आणि आपण त्याच्या भिंतींवरून परावर्तित झालेलाच प्रकाश पाहतो. नरसाळ्याच्या तोंडासमोर असलेल्याला तो आकाशगंगेतल्या सर्वांत तेजस्वी क्ष-किरण स्रोतांपैकी एक वाटला असता.

मग सामोर्स्की आणि श्टाम बरोबर होते का? काही जण आता तसं म्हणतील, आणि मोह होण्यासारखीच गोष्ट आहे. मला ते पटत नाही. कीलने सांगितलेलं प्रमाण खरं असतं तर कासा-मियाला ते पहिल्याच वर्षात ढळढळीत दिसायला हवं होतं. लासोला जे दिसलं ते त्यापेक्षा इतकं क्षीण आहे की कीलच्या यंत्राला त्यातला एकही फोटॉन ओळखता आला नसता. स्रोत तोच, ऊर्जेचा पट्टा तोच, ताल तोच, तरीही १९८३ मध्ये जे मोजलं गेलं ते हे नव्हतं. ४.८ तासांच्या तालाबाबत लासोचा आकडा ३.२ सिग्माचा आहे, कीलच्या ४.४ पेक्षाही कमी. फरक इतकाच की लासोचे फोटॉन मातीखालच्या म्युऑन संसूचकांचा निकष पार करून आलेले आहेत, आणि तालाची नोंद बाजूला ठेवली तरी त्यांचा दावा उभा राहतो.